पाच नंबरची प्लेट

ब्रिस्बेन,
बुधवार, १४ मे

प्रिय डेक,

सोमवारी दुपारी शेल्बीचा फोन आला. तुझ्या उजव्या काखेत गाठ आहे, द्राक्षाएवढी, दुखत नाही, दाबली तर हलत नाही, आणि तिला पाच आठवडे झाले, असं तिने सांगितलं. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, तू माझ्याशी वीस मिनिटं फोनवर बोलला होतास. गाठीबद्दल चकार शब्द काढला नाहीस. तब्येत कशी आहे विचारलं तर म्हणालास, “छपराचे पत्रे उचलणाऱ्या माणसाची असते तशी. आम्हाला तुझ्यासारखं थेंब मोजून जगता येत नाही, प्रोफेसरबाई.” मग फुटबॉल काढलास, मग आईचा कुत्रा काढलास. मी तुला काहीतरी सांगायला फोन केला होता. ते मी सांगितलं नाही. म्हणजे रविवारी आपण दोघंही एकमेकांपासून एकेक गोष्ट लपवून फोनवर हसत होतो.

तुझी गोष्ट मला सोमवारी कळली. माझी आता लिहिते. तुला ठाऊक असलेलंही पुन्हा लिहीन, तारखा आणि आकडे टाकून. मधल्या ओळी गाळू नकोस.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये तुझ्या उजव्या खांद्याच्या फऱ्यावरचा तीळ काढला. तो मेलानोमा होता, कातडीचा कॅन्सर, जाडी शून्य पूर्णांक नऊ मिलिमीटर, वर जखम नाही. सर्जन म्हणाले, लवकर सापडला, पातळ आहे, अशा बहुतेक लोकांना पुन्हा काही होत नाही. ते खोटं बोलत नव्हते. पण तू त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होतास, आणि तुला काय आठवतंय ते मला कळत होतं. बाबांचा तीळ शून्य पूर्णांक आठ होता. त्यांनाही “पातळ आहे” असंच सांगितलं होतं. बाबांनी एकही तपासणी चुकवली नाही. कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवायचे आणि त्या दिवशी स्वच्छ बनियन घालायचे. सात वर्षांनी ते मेंदूत निघालं. अंत्यविधीनंतर तू म्हणाला होतास, “पोरी, पातळ असलं म्हणजे काय, ब्लेडसुद्धा पातळच असतं.”

मी हे काम निवडलं ते त्यामुळे, असं आई सगळ्यांना सांगते. मी ते कधी मान्य केलं नाही. पण काम नेमकं तेच आहे. शंभर पातळ तिळांपैकी जे दोन-चार पुढे जीव घेतात ते सूक्ष्मदर्शकाखाली बाकीच्यांसारखेच दिसतात. ते आधी ओळखता येतील का, हे आम्ही शोधतो. तुला मी एकदा समजावलं होतं, आठवत असेल. पेशीतली जनुकं म्हणजे घरातली वायरिंग. काही वेळा वायर जिथल्या तिथे, धड असते, पण बटणावर कुणीतरी चिकटपट्टी मारून ठेवतं. दिवा लागत नाही, किंवा जो विझायला हवा तो जळतच राहतो. आम्ही त्या चिकटपट्ट्या मोजतो. याला एपिजेनेटिक्स म्हणतात. तू सगळं शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालास, “म्हणजे एवढं शिकून तुम्हाला हे कळलं की चूक इलेक्ट्रिशियनची आहे. हे आम्ही साइटवर रोज सांगतो.”

तीळ काढल्यावर उरलेला तुकडा अभ्यासासाठी द्यायला तू तयार झालास. आईच्या स्वयंपाकघरात, खिम्याने भरलेली मीट-पाय पेस्ट्री खात, तू संमतिपत्रावर सही केलीस आणि मी शेजारी बसले होते. कागदाच्या कोपऱ्यात सहा आकड्यांचा स्टिकर होता. आमच्याकडे नावं येत नाहीत, फक्त असे आकडे येतात. कोणाचा नमुना आहे हे काम करणाऱ्याला कळू नये, हा नियम आहे, आणि तो बरोबर आहे. त्या वेळी मी मान वळवायला हवी होती. वळवली नाही. एकदा वाचलेला आकडा मी विसरत नाही, हे तुला माहीत आहे.

नंतरचे पाच महिने तू छपरावर चढला नाहीस. शेल्बी सांगायची, सकाळी डबा घेऊन निघतो, साइटवर जातो आणि पिकअपमध्ये बसून राहतो, पोरांना खालूनच ओरडून कामं सांगतो. तीळ काढलेल्या जागेवर दिवसातून वीस वेळा हात जायचा. मूल हवं म्हणून तुम्ही किती वर्षं थांबला होतात, आणि तू तिला म्हणालास, “ज्याला बाप पुरणार नाही असं पोर कशाला?” ती माझ्याशी फोनवर रडली. “ब्रिडी, तुला त्यातलं कळतं ना? काहीतरी सांग त्याला. तुझं तो ऐकतो.” मी म्हटलं, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. त्या दिवशी ते खरं होतं.

नऊ ऑगस्टला मी पाच नंबरची प्लेट मशीनमध्ये लावली. प्लेट म्हणजे पोस्टकार्डाएवढा प्लास्टिकचा तुकडा, त्यात शहाण्णव खळगे, आठ ओळी आणि बारा रकाने, कोपऱ्यांतले दोन सोडून प्रत्येक खळग्यात एका माणसाचा नमुना. तुझा नमुना तिसऱ्या ओळीत चौथा होता. दोन दिवसांनी आकडे आले. आमच्या मोजणीत पन्नासच्या वर म्हणजे धोका जास्त. तुझ्या खळग्याचा आकडा होता एकोणीस.

हे आकडे कुणालाही सांगायचे नसतात. चाचणी अजून सिद्ध झालेली नाही, ती किती वेळा चुकते हे शोधायलाच तर अभ्यास चालू आहे. मी तशी सही केलेली आहे. अभ्यासाला बसलेल्या पाचशे बारा माणसांपैकी एकालाही त्याचा आकडा कळवलेला नाही.

एकाला सोडून. सप्टेंबरचा पहिला रविवार, इथला फादर्स डे. आईच्या अंगणात बाबांच्या जुन्या शेगडीवर सॉसेज भाजत होते आणि तू नळीने पिकअप धूत होतास. पाणी एकाच जागी पडत होतं, दारावर, आणि तुझं लक्ष नव्हतं. मान इतकी बारीक झाली होती की कॉलर उभी राहत होती. मी जवळ गेले आणि म्हटलं, तुझा आकडा एकोणीस आहे, पन्नासच्या वर वाईट असतो. तू नळी तशीच हातात धरून उभा राहिलास. मग म्हणालास, “एकोणीस? शाळेत मला एवढेच पडायचे तेव्हा बाबांनी पट्टा काढला होता.” आणि मला उचललंस, ओल्या हातांनी, सगळ्यांसमोर. आईला वाटलं तू प्यायला आहेस. मी तुझ्याकडून शब्द घेतला: कुणाला सांगायचं नाही, शेल्बीलासुद्धा नाही, कळलं तर माझी नोकरी जाईल. तू छातीवर हात ठेवून म्हणालास, “बाबांची शपथ.”

दुसऱ्या दिवशी तू छपरावर चढलास. पुढच्या मार्चमधली तपासणी तू रद्द केलीस, मग सप्टेंबरची, मग या मार्चची. दर सहा महिन्यांनी काखेची सोनोग्राफी व्हायला हवी होती. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणालास, “तुझा एकोणीस असताना त्या माणसाच्या थंड जेलीची काय गरज?” मी तेव्हा ओरडायला हवं होतं की आकडा कमी असला तरी तपासणी सोडायची नसते. मी म्हटलं, “तरी जाऊन ये.” एवढंच. कारण तू पुन्हा जेवत होतास, टोमणे मारत होतास, आणि शेल्बीला दिवस गेले होते.

आता मागचा गुरुवार. आमच्या लॅबची प्रमुख नायरी हिने सगळ्या जुन्या प्लेट नव्या, मोठ्या मोजणीवर पुन्हा लावायला सांगितल्या होत्या. नव्या मोजणीत नमुना बाईचा आहे की पुरुषाचा हेही कळतं, जुनीत ते कळत नव्हतं. सकाळी अकराला ती माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, “ब्रिडी, पाच नंबरचे तुझे नवे आकडे जुन्यांशी ताडून बघ. दोघांचं भांडण लागलंय.” तिला वाटलं नवी मोजणी बिघडली, पण नवीत एकाही बाईला मिशा फुटल्या नव्हत्या, बाई-पुरुष नोंदीप्रमाणेच येत होते. मी दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. एकही ओळ जुळत नव्हती. मग मी जुना कागद अर्धा फिरवला, वरची बाजू खाली. शहाण्णवच्या शहाण्णव खळगे जुळले.

प्लेट उलटी बसली होती. आमचं आधीचं मशीन कापलेला कोपरा डावीकडे मागायचं, त्या हिवाळ्यात आलेलं नवीन उजवीकडे मागतं. माझ्या हातांना चार वर्षांची सवय होती. तिरप्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत आम्ही मुद्दाम एकच ठरावीक नमुना ठेवतो, मशीन नीट चाललंय का ते कळावं म्हणून. त्यामुळे प्लेट उलटी असूनही कोपरे बरोबर दिसले आणि कुठे धोक्याची सूचना आली नाही. नोंदवहीत त्या दिवशीची सही माझी आहे. तो क्षण मला आठवत नाही. मी खूप प्रयत्न केला. हात, झाकण, बटण, काहीच आठवत नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक मी अगदी निवांतपणे केली असणार.

एकोणीस हा आकडा तुझा नव्हता. तो सहाव्या ओळीतल्या नवव्या खळग्यातल्या माणसाचा होता. मला त्याचं नाव माहीत नाही, त्याला त्याचा आकडा माहीत नाही, तो सुखात असो. तुझा आकडा एकाहत्तर आहे. नव्या मोजणीतही पहिल्यांदा मी तुझाच खळगा पाहिला, बाकीचे नंतर. एकाहत्तर आणि एकाहत्तर. दोनदा तोच.

मी नायरीला प्लेटबद्दल लगेच सांगितलं. तिने कपाळावर हात मारला, मग माझा चेहरा बघून मऊ झाली. “अगं, मेलं कोण? शोधनिबंध छापलेला नाही, कुणाला आकडे कळवलेले नाहीत. जुने फेकू, नवे घेऊ. चूक सापडली हे चांगलंच झालं. चल, कॉफी पाज.” मी तिला कॉफी पाजली. ती मुलाच्या क्रिकेटबद्दल बोलत होती आणि मी हिशेब करत होते. चौऱ्याण्णव माणसांचे आकडे चुकले आणि त्यातल्या त्र्याण्णव जणांचं काहीही बिघडलं नाही, कारण त्यांना कुणी काही सांगितलंच नाही. नियम त्यासाठीच होता. आमच्यासारख्या लोकांच्या हातून चुका होणार हे ज्यांना माहीत होतं त्यांनी तो केला होता. मला वाटलं होतं की माझ्या हातून होत नाहीत.

आता एकाहत्तरचा अर्थ. घाबरून पुढचं गाळू नकोस. आमच्या अभ्यासात एवढा आकडा असलेल्या दहा जणांपैकी सात जणांना आजवर काही झालेलं नाही. चाचणी सिद्ध झालेली नाही, हे कमी आकड्याला जितकं लागू होतं तितकंच जास्तीला. एकोणीसवर विश्वास ठेवायला नको होता तसा एकाहत्तरवरही ठेवू नकोस. माझ्या कुठल्याच आकड्यावर ठेवू नकोस. काखेतली गाठ मात्र आकडा नाही. ती आहे. ती एखाद्या जखमेमुळे आलेली असू शकते, पत्र्याने हात कापला असेल तर. ती दुसरीही असू शकते. बाहेरून दाबून ते कुणालाच कळणार नाही, तुलाही नाही, मलाही नाही. सोनोग्राफी आणि एक बारीक सुई, वीस मिनिटांचं काम. आणि दुसरी निघाली तरी बाबांच्या वेळी जी औषधं नव्हती ती आज आहेत. लोक त्यांवर वर्षानुवर्षं जगतात, कामावर जातात. पण ती औषधं लवकर सुरू झालेली बरी, आणि पाच आठवडे गेलेले आहेत.

फादर्स डेबद्दल एक गोष्ट राहिली. मी तुला तो आकडा तुझ्या भल्यासाठी सांगितला असं मी स्वतःला वीस महिने सांगत आले. ते पुरतं खरं नाही. तुला तसं पाण्यात नळी धरून उभं राहिलेलं मला बघवत नव्हतं. माझी भीती मला सोसत नव्हती आणि ती थांबवायचं औषध माझ्याकडे होतं, म्हणून मी ते घेतलं. तुझा धीर वाढला तो नंतर. आधी माझा वाढला.

रविवारी फोनवर हे सांगायला मी तोंड उघडलं तेव्हा तू म्हणालास, “थांब, पिल्लू लाथ मारतंय, शेल्बीच्या पोटाला फोन लावतो.” आणि मला खरोखर काहीतरी ऐकू आलं, पोट होतं की तुझा गाल घासत होता कोण जाणे. त्यानंतर मला बोलता आलं नाही. कागदावर मला कुणी मध्येच थांबवत नाही.

आता शेल्बीने सोमवारी सांगितलेलं उरलेलं. मी तिला विचारलं, पाच आठवडे झाले, तू त्याला ओढून का नेलं नाहीस? ती म्हणाली, “नेत होते गं. गाडीपर्यंत आला आणि बसून राहिला. म्हणाला, डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार, तीन तपासण्या का बुडवल्या. मला खोटं नीट बोलता येत नाही. खरं बोललो तर ब्रिडीची नोकरी गेली. थोडं थांबू, आपोआप जिरेल.” तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी तुला काय सांगितलं होतं. ती मला एकही वाकडा शब्द बोलली नाही, त्यापेक्षा बोलली असती तर बरं. मी नऊ वर्षांची असताना किनाऱ्यावरच्या जीवरक्षक क्लबच्या बचाव-होडीचं बूच काढलं होतं, आत किती वेळात किती पाणी शिरतं ते मोजायला. होडी अर्धी भरली तेव्हा तू पुढे होऊन म्हणालास, मी काढलं. सगळा हंगाम तुला पाण्यात उतरू दिलं नाही, आणि तू किनाऱ्यावर बसून मला ओरडून पोहायला शिकवलंस. तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास. आज चौतीसचा आहेस आणि तेच करतो आहेस, फक्त या वेळी काखेत गाठ घेऊन.

म्हणून हे पत्र, आजच्या कुरिअरने, उद्या तुझ्या हातात पडेल. काल सकाळी नऊ वाजता मी नायरीला सगळं सांगितलं, स्टिकर, फादर्स डे, शपथ, सगळं. दहा वाजता संशोधनाच्या नीतिमत्ता समितीला लिहून दिलं, सही करून, तारीख टाकून. नायरी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. मग एवढंच म्हणाली, “भाऊ कुठे आहे आत्ता? डॉक्टरकडे की छपरावर?” मला कामावरून थांबवलं आहे. पुढे काय होईल ते महिन्याभरात कळेल, आणि ते माझं आहे, तुझं नाही. तू ज्याच्यासाठी गप्प बसला आहेस ते आता उरलेलं नाही, डेक. वाचवण्यासारखं काही शिल्लक नाही, मी स्वतःच देऊन आले. शुक्रवारी सकाळी नऊ चाळीसला तुझी वेळ घेतली आहे, सोनोग्राफी आणि सुई दोन्ही, शेल्बीला पत्ता दिला आहे. डॉक्टरांनी तपासण्यांचं विचारलं तर हे पत्र त्यांच्या टेबलावर ठेव. आकडे, तारखा, खळगे म्हणूनच इतके काटेकोर लिहिले आहेत, त्यांना लागतील. मी गुरुवारी रात्रीपर्यंत आईकडे पोचते आहे आणि शुक्रवारी दवाखान्याच्या दारात असेन. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, बघायचं नसेल तर बघू नकोस. माझ्या बाजूने निघून सरळ आत जा.

तुझीच,
ब्रिडी